गावबांधणीचा दोर

मोटरसायकल मोहाच्या झाडाखाली आली तसा मुखरू उठला आणि त्याने आडवा हात केला.

"थांबा जवाईबापू. पुढे दोर हाये."

प्रफुल्लने गाडी बंद केली. माजरीच्या खाणीतली रातपाळी संपवून तो तसाच निघाला होता. कानामागे अजून कोळशाची काजळी होती. पहाटे त्याच्या बायकोला, मयुरीला, माहेरी मुलगी झाली, तारखेच्या आधीच, हे त्याला फोनवर कळलं होतं.

"दोर कायचा?"

"गावबांधणी. काल दिवस बुडता बुधू पुजाऱ्यानं बांधला. आज दिवस बुडता सोडन. तवपर्यंत कोनी आत नाई, कोनी बाहेर नाई."

रस्त्याच्या दोन बाजूंच्या खांबांना अंबाडीचा दोर ताणला होता. त्याला कडुनिंबाच्या डहाळ्या लटकत होत्या. पेरणीआधी गाव असं बांधलं की रोगराई शिवेबाहेर राहते, ही येरमटोल्याची जुनी रीत. दोर कमरेएवढा उंच. खालून शेळी आरामात गेली असती.

"मामाजी, बाप आहो मी तिचा."

"मालूम हाये."

"पोरीचं तोंड पाहतो अन् परत येतो."

"दोर म्हंजे दोर."

प्रफुल्ल हसला, पण ओठांपुरतंच. सासरा कसा आहे हे त्याला ठाऊक होतं. मुखरूने अर्धं आयुष्य देशाच्या सीमेवर बंदूक घेऊन काढलं. निवृत्त झाल्यावर फोन हातात घेतला. रोज सकाळी आंघोळ करून तो फोनसमोर बसे आणि बातम्यांवर बोले. कुंपण कुठे अर्धवट आहे, घुसखोर कुठून येतात, दिल्लीवाले मतांसाठी कसे डोळे झाकतात. "घराले दार असते म्हनूनच पाहुन्याले मान असते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सिरोंच्यापर्यंत लोक त्याला ऐकायचे. कालच बल्लारपूरच्या सभेत शाल देऊन त्याचा सत्कार झाला होता. पुढारी उशिरा आले, सभा लांबली, पण मुखरूचं भाषण लोकांनी उचलून धरलं. तोच कडक पांढरा सदरा अजून त्याच्या अंगात होता. शालीची घडी करून तो तिच्यावरच बसला होता.

"तुमचा व्हिडिओ आमच्या कॅन्टीनमधी रोज लागते," प्रफुल्ल म्हणाला. "अर्धे टाळ्या वाजवतेत, अर्धे खी खी करतेत."

"अन् तुमी?"

"मी जवाई. मी गपचूप चहा पितो."

मुखरूच्या मिशा जराशा हलल्या. त्याच्या फोनवर संसदेतली चर्चा चालू होती. सीमेच्या नव्या कायद्यात कोणाकोणाला सूट द्यावी, यावरून गोंधळ माजला होता.

"एकाले सूट देल्ली का मागं रांग लागते," तो म्हणाला. "अन् पहिली सूट मांगनारा नेहमी घरचाच असते."

प्रफुल्लला ते लागलं. तो गाडीवरून उतरला आणि पाठ करून बसला.

दुपारी रुखमाबाई आली. डबा तिने दोराखाली ठेवला आणि मागे सरली.

"जवाईबापू आले? या म्हनता येत नाई, बाप्पा." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची दिल्ली काही संपत नाई. रातभर पोरगी कळा देऊन राह्यली होती."

मुखरूने डबा उघडून अर्धा भात जावयापुढे सरकवला.

घर शिवेला लागूनच होतं. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं, बारीक पण चिवट. दोघांचेही घास हातात थांबले.

"दमदार हाये," मुखरू म्हणाला.

"नाक कोनासारखं हाये?"

"तुमच्यासारखं. फेंदारलेलं. रुखमा म्हनते."

प्रफुल्लला राहवेना. तो उठला. "मी नाल्याकडून जातो. तिकडं कोनी पाहत नाई."

"कोनी पाहत नाई, हे मले बी मालूम हाये. म्हनूनच नाई."

"तुमचं काय जाते, मामाजी?" प्रफुल्लचा आवाज चढला. "बंदूक गेली, पन हुकूम नाई गेला तुमचा. गावानं पहाऱ्यावर बसवलं अन् तुमी जवायालेच घुसखोर केलं. पोरीचा पहिला दिवस मले पुन्हा भेटन का?"

"नाई भेटत," मुखरू हळूच म्हणाला. "पन ती कोवळी हाये. बाहेरचं काही आत जाऊ नये म्हनूनच तर दोर हाये. आज तिच्यासाठीच समजा."

प्रफुल्ल परत बसला.

मुखरूच्या फोनवर ऐकणाऱ्यांचे निरोप येत होते. मुखरूभाऊ, आज व्हिडिओ काऊन नाई? मुखरूने फोन समोर धरला, घसा खाकरला. "भावांनो, आज सीमेवर बोलतो..." आत बाळ पुन्हा रडलं. त्याने मान तिकडे वळवली, रडणं थांबेपर्यंत ऐकत राहिला, आणि फोन खिशात टाकला.

दिवस टेकडीआड गेला. बुधू पुजारी तांब्या घेऊन आला. खांबाच्या बुडाशी पाणी ओतलं, गाठ सोडली. दोर मातीत पडला. प्रफुल्ल धावतच निघाला.

बुधूने त्याला हाताने अडवलं.

"थांबा जवाईबापू, आधी याले जाऊ द्या. तुमाले पहारेकरी वाटला असन, पन पहाऱ्यावर कोनी नाई बसवलं त्याले. काल सभेहून आला तवा मी नुकताच दोर बांधला होता. म्हटलं, घरचाच हायेस, वाक अन् ये, कोनी पाहत नाई. आयकलं नाई. रातभर या झाडाखालीच राह्यला. जा मुखरूभाऊ, नात तुयी बी पाहाची राह्यली हाये."