चिमटा

"घ्या, तुम्हीच चिमटा काढून बघा!" आईने दिगूच्या पावलांवरची चादर बाजूला केली. भेटायला आलेल्या काकूंनी त्याच्या अंगठ्याला चिमटा काढला आणि पाय झटकन मागे गेला. "जीव आहे गो पायात!" काकू डोळे पुसत म्हणाल्या. दिगू छताकडे बघत होता. पोफळीवरून पडल्यापासून त्याला कमरेखालचं काहीच कळत नव्हतं.

मग तो घरचा रिवाजच झाला. जो भेटायला येई, तो आधी चिमटा काढी, मग चहा घेई. सगळी वाडी येऊन गेली.

पुढे व्यायाम करून घ्यायला तालुक्याहून फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. पट्ट्यांच्या आधाराने दिगूला उभं करून ती पाऊल जमिनीला टेकवू बघे, पण नुसत्या स्पर्शानेच पाय आखडून वर जाई.

"मेंदूचा निरोप पोचत नसला, तरी पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आपणच पाय मागे घेतो आणि स्वतःही शिकतो," ती म्हणाली. "जे पुन्हापुन्हा घडतं, तेच धरून ठेवतो. याला टेकायच्या आधी दचकायचं वळण लागलेलं दिसतंय. कोणी चिमटे काढतं का याला?"

आईचा चेहरा उतरला.

"असू दे ताई," दिगू हळूच म्हणाला. "आईला तेवढाच आनंद होता."

संध्याकाळी भेटायला आलेल्यांना आईने ओटीवरूनच परत पाठवलं. कोमट तेल घेऊन ती दिगूच्या पायाशी बसली आणि तळव्याला तिने अलगद हात लावला.

पाय तिच्या हातातून झटकन मागे गेला.