नांजालाची भाकर

एल्गॉन डोंगराखालच्या आमच्या चर्चमध्ये दुसऱ्या बायकोला प्रभुभोजनाचा, येशूच्या नावानं वाटतात तो भाकरीचा तुकडा देत नाहीत. म्हणून माझी सवत नांजाला चाळीस वर्षं शेवटच्या बाकावर बसते. नवरा मातीत गेला, नियम काही गेला नाही. आणि भोजनाची भाकर? ती मात्र पहाटे उठून तिनंच भाजायची, केळीच्या पानात गुंडाळून आणायची! आज मी तुकडा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. तडक मागच्या बाकाकडे निघाले. “आजी, मंडळीतून नाव कापावं लागेल तुमचं!” पाळकसाहेब ओरडले. “कापा. कात्री देऊ?” म्हणत मी नांजालापुढे तुकडा धरला. “खा गं, तुझ्याच हातची आहे.” ती हसली. “वेडी आहेस का, ताई? कणीक मळताना मी येशूशीच बोलत असते. त्यानं कधी मला मागं बसवलं नाही.” मग तिनं सरकून जागा केली, तुकडा मोडला आणि पहिला घास मलाच भरवला.