मानीबाईची तूर

हे कोणी खरं मानणार नाही, पण फुलसावंगीकडच्या आमच्या तांड्यावर एकदा एवढी लांब गाडी आली, की तिचं तोंड मानीबाईच्या दारात होतं आणि शेपूट अजून डांबरी सडकेवरून वळायचं होतं. तिच्यातून डॉक्टर शाम उतरला. मानीबाईचा एकुलता एक लेक, बियाण्याच्या कंपनीत मोठा शास्त्रज्ञ. माणूस असा आतल्या गाठीचा, की आता डावीकडे वळणार का उजवीकडे हे स्वतःच्या सावलीलाही सांगत नसे. लग्नाला वर्ष झालं तरी बायकोला पत्ता नव्हता, नवरा डॉक्टर कशाचा. तिला ताप आला, तिनं गोळी मागितली, तेव्हा म्हणाला, "मी तुरीचा डॉक्टर आहे."

वर्षातून एकदा यायचं, घटकाभर बसायचं, निघायचं, असा त्याचा शिरस्ता. या खेपेला बाजेवर टेकला आणि समोर बहीण दिसली. संगीता, ढाणकीला दिलेली. तिच्या हातात तुरीच्या बियाण्याचं पाकीट, आणि पाकिटावर शामचा हसरा फोटो. गाडी पाहायला जमलेले आम्ही चारपाच म्हातारे लिंबाखाली होतो.

"ये भिया," संगीता भावाला म्हणाली, "तुह्या फोटोचं बियाणं आणलं. याडीले दाखवून राह्यले."

याडी, म्हणजे त्यांची आई, तोवर त्या पाकिटातले मूठभर दाणे सुपात ओतून बसली होती. गुलाबी रंग चढवलेले दाणे. तिनं एक उचलला, अंगठा ओला करून घासला. रंग गेला. खाली तांबूस तूर निघाली, डोळ्यापाशी काळा ठिपका.

"याडी, हात नको लावू!" शाम ताडकन उठला. "औषध लावलंय त्याले. संगीता, पाणी आण, तिचे हात धू आधी."

त्याचा जीव खरंच घाबरला होता.

"माह्या तुरीले मीच हात नको लावू?" मानीबाई म्हणाली.



आमच्या तांड्यात बियाणं विकत नाहीत. मागणाऱ्याच्या पदरात घालतात, आणि नेणाऱ्यानं ते देणाऱ्याच्या नावानं पेरायचं. बांधावरून कोणी विचारलं, कोणती तूर, तर सांगायचं, मानीबाईची. एवढीच तिची किंमत.

"आठ वर्सामागं तू म्हनाला, शहरातली डाळ गळ्याखाली उतरत नाई, घरची तूर दे खायले. मी तुंब्यातली देली."

खायची तूर कोठीत होती. वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात होती ती बियाण्याची, दाणा दाणा निवडून राखेत घोळलेली. पण लेकाला कोठीतली कशी द्यायची? तिनं चांगल्यातली चांगली काढून दिली. आणि आई तेच करणार, हे मागतानाच शामला ठाऊक होतं. तो हे कोणाला सांगणार नव्हता. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, त्या आम्हाला लिंबाखालून दिसत होत्या.

"तुंब्यात पडून राह्यली असती तर किडली असती, याडी," तो हळू बोलला. "तीन जिल्ह्यांत तूर उभीच्या उभी वाळून जाते. ही तेवढी तग धरते. किती घरं सावरली हिनं."

तेही खोटं नव्हतं. गेल्या साली संगीताच्या दोन एकरात हीच उभी होती.

"सावरू दे की. मी कुठं नाई म्हनते?" मानीबाई दाण्यांकडे पाहत म्हणाली. "पण पेरताना लोक कोनाची म्हनतात हिले? काय लिहेल आहे वरती?"

संगीतानं पाकीट भावापुढे धरलं. "वाच ना भिया. याडीले अक्षर येत नाई. तूच शिकलेला घरात."

वाचता तिलाही येत होतं. तिनं ढाणकीच्या दुकानातच वाचलं होतं.

शामनं पाकीट घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाकिटावर कंपनीचं नाव होतं, खाली वाणाचा नंबर, आणि त्याखाली संशोधक म्हणून त्याचं स्वतःचं नाव. दुसरं काही नव्हतं. आई त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"मानीबाईची तूर," शामनं वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट. "असंच लिहेल आहे, याडी. मोठ्या अक्षरात."

संगीतानं मान फिरवली. लिंबाखालून कोणीतरी "वा!" म्हणालं आणि लगेच जीभ चावली. तो मीच होतो.

मानीबाई अंगठ्याचा गुलाबी रंग पदराला पुसत राहिली. तो निघेना.

"खोटं," ती म्हणाली. "सातवीत नापास झाला, तवा गुरुजीचा कागद तू मले असाच, पास म्हनून, वाचून दाखवला होता. डोळे कागदावर नाई, माह्या तोंडावर. तरी त्या दिवशी मी तांडाभर गूळ वाटला होता, शाम."