आईला पाठ झालेला नंबर

कुलपांच्या दुकानासाठी टोल-फ्री नंबर घ्यायचा ठरला, तेव्हा कंपनीने निवडायला चार नंबर दिले. "शेठ, कुठलाही घ्या की, त्यात काय एवढं," दुकानातला कारागीर म्हणाला. पण कुलूपवाल्याने परीक्षक नेमलं ते आपल्या आईला. घरात दोघंच, आणि हल्ली तिला नुकताच घेतलेला चहासुद्धा आठवत नसे. जेवताना तो तिला एकेक नंबर म्हणून दाखवी आणि हात धुऊन आला की विचारी. तीन नंबर तिच्या डोक्यावरून गेले. चौथा मात्र तिने पाढ्यासारखा घडाघडा म्हटला, आणि दुसऱ्या दिवशी न विचारताच पुन्हा म्हटला.

"आईच्या लक्षात राहिला, म्हणजे अख्ख्या गावाच्या तोंडी बसणार," म्हणत त्याने हौसेने तोच नंबर घेतला आणि पाटीवर रंगवला.

नंबर सुरू झाला त्याच दुपारी पहिला फोन आला. दुकानातले सगळे काउंटरभोवती गोळा झाले. त्याने ऐटीत स्पीकर लावला. "नमस्कार, बोला, काय काम होतं?"

पलीकडे आई होती. आवाज दबका, घाबरलेला. "अहो, आमच्या दाराचं कुलूप आजच्या आज बदलून द्या."

'अगं आई, मीच आहे' म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर ती पुढे बोललीसुद्धा.

"रोज संध्याकाळी कोण एक माणूस किल्ली लावून घरात शिरतो, आणि मला आई म्हणतो."