सगळ्यात सुखी पेशंट

बाबांना लकवा मारला. उजवी बाजू पार गेली, वाचाही गेली. सरकारी दवाखान्यात आम्ही आळीपाळीने उशाशी बसलो असतो, पण शहरातल्या फ्रीगंज भागात तेव्हा नवंकोरं खासगी हॉस्पिटल उघडलं होतं. सगळे म्हणाले, तिथेच न्या.

तिथे घरच्यांना वॉर्डात थांबू देत नसत. "आंटीजी, आप घर जाके आराम करो. हर बेड पे घंटी लगी है," असं म्हणून आईला रोज तासाभरात बाहेर काढत.

आठवडाभरात बाबा गेले.

सामान घ्यायला आई आणि मी वॉर्डात गेलो, तर इंदूरहून आलेला मॅनेजर हात जोडून पुढे आला. कोण किती वेळा घंटी वाजवतो, त्यावरून इथे पेशंटचं समाधान मोजतात, असं त्याने समजावून सांगितलं. "अंकलजी ने तो एक बार भी नहीं बजाई. पूरे अस्पताल में सबसे सुखी पेशंट वही थे." बिचारा मनापासून बोलत होता. मी त्याला थँक यूसुद्धा म्हणालो.

आईने बाबांचा चष्मा पुसून पिशवीत ठेवला. मग रिकाम्या पलंगाकडे बघत राहिली.



"विष्णू," ती म्हणाली, "घंटीचं बटण उजवीकडच्या भिंतीवर आहे रे."