पहिला चेहरा

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईंनी डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे आरशाकडे पाठ करून बसल्या. भाचीने दाराशी स्टँडवर मोबाइल उभा केला होता, आरशातला चेहरा नेमका टिपेल असा. तिने गोल दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. आत्या हातात केसांचा टोप घेऊन ताटकळत होती. दुकान तिचं, आणि कुठं उभं राहायचं ते तिलाच कळेना.

टोप तिने स्वतः विणलेला. जाळीच्या टोपीत बारीक आकडीने एकेक केस ओवून गाठ मारायची, डोळ्यांची पार वाट लावणारं काम. त्यात तिचा एक दंडक होता. टोप बसवला, की खुर्ची आणि आरशाभोवतीचा पडदा ओढायचा आणि आपण बाहेर जायचं. औषधांनी केस गेलेलं माणूस स्वतःला पुन्हा पहिल्यांदा बघतं, तेव्हा तिथं दुसरं कुणी नको. रडू दे, हसू दे, देवाला शिव्या देऊ दे. हाक आली तरच आत जायचं.

पण दंडकाने दुकान चालत नाही. तयार टोप घरपोच मिळायला लागले तसं गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. महिनाअखेर कायमचं कुलूप लावायचं हे जवळजवळ ठरलंच होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे तिने भाचीचे धरले. भाची चार दुकानांची सोशल मीडियावरची जाहिरात सांभाळायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर पडद्यावर बोट ठेवलं. हल्ली वस्तू कुणी बघत नाही, म्हणाली, माणसाचा पहिला चेहरा बघतात. तिच्या चष्मेवाल्याने एका पोराला पहिल्यांदा चष्मा लावून आई दाखवली, तर ते पोर लाखभर लोकांनी बघितलं.

"आणि तू तो चेहरा पडद्याआड वाया घालवतेस, आत्या."

बाईंनी आपणहून होकार दिला होता. त्या पाळणाघर चालवायच्या. केस गेल्यापासून पोरं त्यांच्याजवळ यायला घाबरायची, आणि टोप काही त्यांना परवडण्यातला नव्हता. व्हिडिओ करू दिला तर टोप फुकट, ही युक्तीही भाचीचीच.

आत्याने टोप बसवला. कानशिलांपाशी दाबून पाहिला, बोटाने भांग सारखा केला, खुर्ची आरशाकडे वळवली. मग हाताला जन्मभराचं वळण, ते काय एका दिवसात जातं? तिने पडदा सर्रकन ओढला आणि ती बाहेर आली.

आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक दाबलेला हुंदका आला. त्यानंतर बाईंनी दाबायचं सोडून दिलं आणि त्या मोकळ्या रडल्या. आत्याला फार बरं वाटलं. टोप जमला होता. तेवढ्यात तिचं भाचीच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

मोबाइलमध्ये नुसता पडदा आला होता.

भाची चिडली नाही. ती आत जाऊन गोड बोलली, चूक आमचीच म्हणाली, आणि पहिल्यापासून पुन्हा करू या का, असं विचारलं. आत्याने जाऊ दे म्हणून पाहिलं. पण बाईच नको नको, करू या म्हणाल्या. शब्द दिला होता, टोप फुकट घेतला होता, मग मागे कसं सरायचं? त्यांनी नाक पुसलं आणि आरशाकडे पाठ केली.

दुसऱ्या वेळी त्या आरशात बघून हसल्या, दारात आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तशा. भाचीने हळूच सांगितलं, मघाचं आठवा. बाईंनी खरंच डोळे मिटून आठवून पाहिलं. जमलं नाही. तिसऱ्या वेळेसाठी आत्याने टोप उतरवला. त्या उघड्या डोक्यावर टोपाच्या कडेचा लाल वळ उमटला होता. बाई मान न हलवता आत्याला म्हणाल्या,

"मावशी, रडू टोप घालतानाच येऊ दे, का आरशात बघितल्यावर?"

"आरशात बघितल्यावर," भाची म्हणाली.

आत्याने एक 'पुरे' म्हटलं असतं, तर सगळं तिथंच थांबलं असतं. तिला स्वतःची लाज वाटली. पण महिनाअखेरचं कुलूप डोळ्यांपुढे आलं आणि ती टोप पुन्हा बसवायला लागली. या खेपेला बाई छान रडल्या.

व्हिडिओ तुफान चालला. फोनला उसंत मिळेना, दुकानात बसायला जागा पुरेना, आणि घरमालकाने स्वतः येऊन चहा मागितला. भाचीने पडदा काढून घडी घालून कपाटात ठेवला, उगाच मध्ये येतो म्हणून. आत्याच्या पोटापाण्याची सोय झाली होती, आता कुरकुर कुठल्या तोंडाने करायची?

एका दुपारी एका मुलीचा फोन आला. आवाज इतका बारीक, की आत्याने दुसऱ्या कानावर हात ठेवला. मुलीने डोक्याचं माप कसं घ्यायचं ते विचारलं, टोप धुवायचा कसा तेही विचारलं. मग व्हिडिओ करू दिला तर टोप फुकट मिळतो हे खरं का, म्हणाली. आत्याने खरं आहे म्हणून सांगितलं. मुलीने फोन ठेवला की काय, म्हणून तिने हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," मुलगी म्हणाली. "एकच विचारायचं होतं. मला आताशा रडू येत नाही हो. तरी घ्याल का मला?"