वरच्या गावाचा रक्तदाब

"वरच्या गावात चालण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर आपली तुलनाच खोटी पडेल," असं रोज चालल्याने रक्तदाब उतरतो का, हे दोन गावांत तपासणाऱ्या वेलचेव्ह सरांनी बजावलं होतं. चर्चमध्ये मेणबत्ती लावून दिलेला तो शब्द नर्स रालित्साने जिवापाड जपला. खालच्या गावातल्या बायका रोज संध्याकाळी चौकाभोवती फेऱ्या मारू लागल्या. वरच्या गावाला कुणी काही सांगितलं नाही. तरी सहा महिन्यांनी तपासणी केली, तर रक्तदाब जास्त उतरला होता तो वरच्याच गावाचा!

"तूच फितूर झालीस! उद्यापासून येऊ नकोस," सर फोनवर कडाडले.

रडवेली रालित्सा डोंगर चढून वरच्या गावात स्तोयनाआजींकडे गेली. "आजी, खरं सांगा, तुम्हाला कुणी चालायला सांगितलं का हो?"

"अगो बाई, या वयात आम्ही कशाला चालतोय? ती थेरं खालच्यांची!" आजींनी चीज भरलेल्या गरम बानित्साचा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि काठी उचलली. "बरं, तू खा सावकाश, मी निघते."

"कुठे?"

 

"खाली. त्यांची थेरं बघून हसायला रोज येईन, असं बहिणीला वचन दिलंय ना," म्हणत आजी डोंगर उतरू लागल्या, आणि त्यांच्यामागून गावातल्या सगळ्या जणी.